परागकणाची भिंत आणि लोणारची साक्ष

(वाशीम जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज आणि वीजबिल यांवर आधीचे वक्ते बोलून गेले, नंतरचेही बोलणार आहेत. मला अर्धा तास दिला आहे आणि तो मी एका भुकटीवर खर्च करणार आहे. पऱ्हाटी फुलावर आली, की वावरातून जाताना जी पिवळी भुकटी बाहीला चिकटते आणि झटकली की जाते, ती. शाळेच्या पुस्तकात तिला परागकण म्हणतात.

भुकटीचं आणि शेतकरी चळवळीचं काय नातं, असं मागच्या रांगेतले मंडळी कुजबुजतायत. नातं असं आहे. शंभर-सव्वाशे वर्षं आपल्यावर एक आरोप आहे, की हा मुलूख मुळात घनदाट जंगलाचा होता, शेतकऱ्यानं नांगर घातला, धनगरानं मेंढ्या घातल्या, कोणी वणवा लावला आणि त्यातून ही उघडी माळरानं झाली. म्हणून माळरान म्हणजे 'पडीक', 'नापीक', 'ऱ्हास झालेलं' रान. या आरोपाची चौकशी झाली आहे. ती आपल्या रिसोड तालुक्याला लागून असलेल्या लोणारच्या तळ्यातल्या चिखलात झाली, आणि साक्षीदार होते परागकण. साक्ष सांगायच्या आधी साक्षीदार कोण आणि तो हजारो वर्षं टिकला कसा, हे पाहू. कोर्टातसुद्धा आधी साक्षीदाराचं नाव-गाव विचारतात.

परागकण म्हणजे नराकडून मादीकडे निघालेला निरोप्या. आत दोन किंवा तीन जिवंत पेशी, बस्स. प्रवास मात्र धोक्याचा. ऊन आहे, वारा आहे, बुरशी आहे, किड्याचे पाय आहेत. म्हणून झाडानं त्याला दोन पदरी भिंत दिली. आतला पदर साधा असतो, सेल्युलोज आणि पेक्टिनचा. सेल्युलोज तुम्हाला ओळखीचं आहे, कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. खरी गंमत बाहेरच्या पदराची. तो ज्या पदार्थाचा असतो त्याला स्पोरोपोलेनिन म्हणतात. नाव जड आहे, पण एकदाच लक्षात ठेवा. १९३१ साली झेत्शे नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते ठेवलं.

हा पदार्थ किती चिवट आहे हे प्रयोगशाळेत बघावं. गाळातून परागकण वेगळे काढायचे असतील तर तो गाळ आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात, म्हणजे चुनखडी विरघळते. मग कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळतात, म्हणजे कुजका पालापाचोळा जातो. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात, ज्यात काच विरघळते. त्यात वाळू आणि माती जाते. शेवटी स्वीडनच्या अर्टमन यांनी रूढ केलेली रीत, नऊ भाग अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक आम्ल, गरम करून. यात कापसाचा धागा टाकला तर त्याचा मागमूस राहत नाही. परागकणाची आतली भिंतही जाते, जिवंत पेशी तर कधीच गेलेल्या असतात. बाहेरची भिंत मात्र नक्षीसकट तशीच उरते.

ती विरघळतच नाही, म्हणून ती कशाची बनली आहे हेही कळत नव्हतं. कारण रसायनशास्त्रज्ञाची सवय अशी, की आधी विरघळवायचं आणि मग तपासायचं. २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या शास्त्रज्ञांनी पाइन झाडाच्या परागकणांवर केलेलं काम छापून आलं. त्यांनी ते कण गिरणीत अगदी बारीक दळले आणि तुकड्यातुकड्यानं रचना जुळवली. निघालं काय? कण्याला पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या लांब साखळ्या. सूतगिरणीत किंवा मागावर काम केलेलं कोणी इथं असेल तर त्याला हे नाव ठाऊक असेल. ताण्याच्या सुताला जी खळ देतात तीत हा पदार्थ वापरतात. पण खळ गरम पाण्यात धुऊन जाते आणि परागकणाची भिंत जात नाही. कारण तिच्या साखळ्या एकमेकींना दोन तऱ्हेच्या सांध्यांनी बांधलेल्या आहेत. एक सांधा आम्लानं तुटतो पण क्षाराला दाद देत नाही. दुसरा क्षारानं तुटतो पण आम्लाला दाद देत नाही. नुसतं आम्ल आलं तर दुसरा सांधा धरून ठेवतो, नुसता क्षार आला तर पहिला. दोन भावांच्या सामाईक खात्यासारखं आहे, एकाच्या सहीनं विहीर विकता येत नाही.

शिवाय या जाळ्यात कुमॅरिक आम्लाचे तुकडे गुंफलेले असतात. हेच आम्ल ज्वारीच्या धांड्यातही असतं. ते उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं, म्हणजे आतल्या बीजाला छत्री झाली. जमिनीवर पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वनस्पतींना ही छत्री लागली असणार, कारण पाण्याबाहेर आल्यावर ऊन आणि कोरड यांच्याशी गाठ होती. आपल्या कोरडवाहू शेतीचा मूळपुरुष म्हणायचा तर तोच.

आता ही भिंत बांधतं कोण? परागकण स्वतः बांधत नाही. परागकोशाच्या आत एक पोषक थर असतो, तो माल पुरवतो, कणाला भिंत चढवतो आणि काम झालं की स्वतः मरून जातो. तो थर वेळेआधीच मेला तर कण रिकामा, वांझ राहतो. नरवंध्य वाणांमध्ये पुष्कळदा हेच होतं. आणि आपल्याकडची संकरित ज्वारी नरवंध्यतेवरच उभी आहे. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याच्या मादी ओळीला जिवंत पराग नाही, म्हणून तिच्या एकेका फुलातले पुंकेसर हातानं काढावे लागत नाहीत. कपाशीत तशी सोय सुरुवातीला नव्हती. १९७० साली सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण दिला तो हातानं केलेल्या संकरावर. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये बाया संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर नखानं काढतात आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावतात. बियाण्याच्या थैलीवर जी किंमत छापलेली असते तिच्यातला मोठा वाटा या बायांच्या नखांचा आहे. थैलीवर त्यांचं नाव कधी आलं नाही, ते सोडा.

त्या बायांना एक गोष्ट पक्की माहीत असते. फूल ओलं असलं की पराग धरत नाही.

इथं माणूस गोंधळतो. जी भिंत सल्फ्युरिक आम्लाला भीक घालत नाही ती पावसाच्या थेंबाला का भिते? भिंत भीत नाही, आतला जीव मरतो. भिंतीला दरवाजे ठेवावे लागतात, नाहीतर मादीच्या कुक्षीवर पोचल्यावर परागनळी बाहेर कुठून येईल? कपाशीच्या कणाला असे बरेच दरवाजे असतात, ज्वारीच्या कणाला एकच, वर झाकण असलेला. दरवाजाशी बाहेरची भिंत अगदी पातळ असते. आतला रस साखरेनं घट्ट. साधं पाणी लागलं की ते आत शिरतं, कण फुगतो आणि दरवाजातून फुटतो. भिंत शाबूत राहते, घर रिकामं होतं. म्हणून कपाशीच्या फुलात सकाळी पावसाचं पाणी साचलं तर त्या फुलाचं बोंड होण्याची आशा फार धरू नका. पाती आणि फुलं गळायला दुसरी दहा कारणं आहेत, पण फुलोऱ्यात झडी लागली की हेही एक असतं, आणि त्यावर कोणतंही टॉनिक चालत नाही. दुकानदार बाटली पुढे करेल तेव्हा हे आठवा. फुटलेला कण बाटलीनं सांधत नाही.

फवारणीचंही तेच. कपाशीचं फूल सकाळी उमलतं आणि पराग त्या एका दिवसाचाच असतो. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी पडतं. सकाळी आठ ते बाराच्या दरम्यान पंप घेऊन उघड्या फुलांवर फवारा मारणं म्हणजे पराग फोडणं आणि वर मधमाशीही मारणं. फवारा लागणारच असेल तर तो दिवस कलल्यावर मारा. कपाशीचा पराग जड, काटेरी आणि चिकट असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तो वाऱ्यानं जात नाही, त्याला माशीच लागते.

ज्वारीचं उलट आहे. तिचा कण कपाशीच्या निम्म्याहून लहान, गुळगुळीत, वाऱ्यावर जाणारा. पहाटे सूर्य उगवण्याच्या सुमाराला कणसावर तो सुटतो आणि काही तासांत मरतो. त्याच वेळी पाऊस-धुकं चालू राहिलं तर दुहेरी नुकसान होतं. दाणा भरत नाही हे एक. दुसरं असं, की अरगटाची बुरशी फळ न धरलेल्या फुलातच शिरते. पराग वेळेवर पोचला आणि फळ धरलं की तिला दार बंद होतं. कणसातून मधासारखा चिकट रस गळताना दिसतो ना, ती पराग न पोचल्याची पावती असते.

म्हणजे परागकणाचा जीव तासांचा आणि भिंत हजारो वर्षांची. वावरात आपला संबंध जिवाशी येतो, लोणारमध्ये भिंतीशी.

भिंत सगळीकडे टिकते असं मात्र नाही. तिचा एकच मोठा शत्रू आहे, हवा. आम्ल-क्षाराला दाद न देणारं हे जाळं हवेतल्या ऑक्सिजननं आणि त्याच्या जोडीला काम करणाऱ्या जिवाणू-बुरशीनं हळूहळू झिजतं. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हवा खोल जाते, पावसाळ्यात ती पुन्हा फुगते, दरवर्षी उलथापालथ. तिथं जुने परागकण शोधून हाती काही लागणार नाही. ते सापडतात तळ्याच्या बुडाशी, जिथं गाळावर गाळ बसतो आणि हवा पोचत नाही.

लोणार तसं तळं आहे. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, पाणी खारं आणि चांगलंच क्षारयुक्त. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या मोबाइलवर फोटो फिरले. त्याच वर्षी त्याला रामसर यादीत जागा मिळाली. पण फोटोपेक्षा मोलाचं जे होतं ते त्याच्या बुडाशी. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तिथून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढला. त्यात ११,००० वर्षांचा हिशोब आहे. सरासरी धरली तर एका सेंटिमीटरला अकरा वर्षं. तलाठ्याचं दप्तर इतकं मागे जात नाही.

त्या गाळातल्या थराथरातले परागकण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजायचे: झाडांचे किती, गवताचे किती. मतमोजणीच म्हणा. पण ही मतं सरळ मोजून चालत नाही. जी झाडं वाऱ्यावर पराग सोडतात त्यांची मतं ढिगानं पडतात आणि माशीवर भरवसा ठेवणाऱ्यांची कमी. रानात दोघांची संख्या सारखी असली तरी. म्हणून नुसत्या परागावर निकाल दिला नाही. जंगल कमी झालं ते वणव्यानं का, हे बघायला कोळशाचे कण मोजले, आणि पाऊस किती होता हे सांगणाऱ्या खुणा वेगळ्या तपासल्या.

२०२१ साली नील्स रीडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष छापला. गेल्या सुमारे ६,००० वर्षांत मोसमी पाऊस कमजोर होत गेला, आणि त्यामुळे या पठारावरचं जंगल मागे हटलं व विरळ झाडांचं गवताळ रान पसरलं. माणसाचा हात किंवा वणव्यातला बदल हे त्याचं कारण नव्हतं. एवढंच नाही, त्यांचं म्हणणं असं की रान आधी मोकळं झालं आणि शेती व गुरं राखणं मागून आलं. मोकळ्या रानानं माणसाला शेतीकडे वळवलं. आजवर गोष्ट उलटी सांगितली जात होती.

याच तळ्याच्या गाळावर २०१४ सालीही एक काम छापून आलं होतं. त्यात पाऊस दीर्घकाळ कमी राहिल्याचे दोन कालखंड दिसले. एक आजपासून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. ती खूण परागाची नव्हती. तळं आटत आलं की त्यात एका खनिजाचे खडे बनतात, ते त्या थरांत सापडले. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ती या दुसऱ्या कालखंडातच नांदली. कमी पावसाच्या मुलखात राजधानी चालवणारे लोक होते ते. पाणी कसं साठवत होते, काय पेरत होते, याचा कोणी अभ्यास करील तर मी त्याच्या मागे चार दिवस पायी फिरायला तयार आहे.

आता या निकालाचा अर्थ ताणू नका. लोणारचा गाळ हजारो वर्षांची गोष्ट सांगतो. गेल्या दीडशे वर्षांत जे झालं त्यातून तो कोणालाच सोडवत नाही. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरला वऱ्हाडचा कापूस हवा झाला. रेल्वे आली, कुरणं नांगराखाली गेली, झाडं रुळांखाली आणि इंजिनात गेली. तो हिशोब वेगळा आहे, त्याचे कागद आहेत, आणि कापसाचा फायदा कोणाच्या घरी गेला हेही त्या कागदांत आहे. आजही कोणी धुऱ्यावरचं बाभळीचं झाड आरागिरणीला विकलं तर 'लोणारच्या परागकणानं सांगितलंय' म्हणू नये.

पण ज्या जागी हा निकाल लागू पडतो तिथं तो ठणकावून सांगायला हवा. तुमच्या गावच्या ई-क्लासवर वृक्षलागवड येते. खड्डे खोदतात, काट्यांचं कुंपण होतं, गुरं आणि मेंढ्या बाहेर. रोपं दोन उन्हाळे काढत नाहीत. मग पुन्हा त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवं बिल. या सगळ्याच्या मुळाशी समजूत एकच, की गवत म्हणजे मेलेलं जंगल. परागकण सांगतो की गवत हे इथलं जुनं, हक्काचं रान आहे. कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्य आहे ते काळविटासाठी. काळवीट हा मोकळ्या गवताचा प्राणी. सरकारचं एक खातं ज्या गवताला जपतं, त्याच गवताला दुसरं पडीक ठरवतं. म्हणून ग्रामसभेत लागवडीचा ठराव येईल तेव्हा विचारा, की ही जागा कधी जंगल होती याचा पुरावा काय? आणि पैसा खर्चच करायचा असेल तर पवन्या आणि मारवेल या गवतांचं बी का आणत नाही? बांध घाला, दोन पावसाळे चराईची पाळी ठरवा, गवत आपोआप उभं राहील. तांड्यावरच्या आणि धनगरवाड्यावरच्या माणसांना त्या बैठकीला बोलवा. त्यांना विचारल्याशिवाय ई-क्लासचा ठराव करणं चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्यातल्याच काही मोठ्या शेतकऱ्यांना ते आवडणार नाही हेही मला माहीत आहे. ई-क्लासवरचं अतिक्रमण कोणाचं आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

एक प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आताच सांगतो. मग आपल्याकडे ज्वारी कधी आली, हे त्या गाळातून कळलं का? परागावरून नीट कळत नाही. ज्वारी हेही गवतच, आफ्रिकेतून आलेलं. तिचा कण गोल, गुळगुळीत, एका दरवाजाचा, आणि रानातल्या कुसळीचा किंवा कुंद्याचाही तसाच. आकारात थोडाफार फरक, नक्षीत जवळजवळ नाही. ज्वारी ओळखायची तर जुन्या वस्तीच्या राखेत जळालेला दाणा सापडावा लागतो. कपाशीचा काटेरी कण मात्र लांबून ओळखू येतो, पण तो जड असल्यानं वावर सोडून तळ्यापर्यंत क्वचितच जातो.

टेबलावर एक भिंग ठेवलं आहे आणि बाजूला काळा कागद. जेवणाच्या सुटीत ज्यांना बघायचं असेल त्यांनी बाहेरच्या पऱ्हाटीतलं एकेक फूल घेऊन या. आज उमललेलं पांढरट फूल घ्या, गुलाबी पडलेलं कालचं असतं. कागदावर झटकलं की कण दिसतील. मालकाला विचारून तोडा, एका फुलाचं एक बोंड असतं.